देवरामचा शब्द आणि कंपनीचा कुकर

संपादकांचा फोन आला, "आजी, दिवाळी अंकासाठी तुमच्या नोकरीची यशोगाथा लिहा." मी म्हटलं, यश कंपनीकडे गेलं, माझ्याकडे गुडघेदुखी आली, तिच्यावर लिहू का? ते हसले. माझं म्हणणं त्यांनी मनावर घेतलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे खरी, पण यशोगाथेची आशा धरून आलेल्यांनी सरळ पानं उलटून राशिभविष्याकडे जावं. तिथे सगळ्यांचं चांगलं होतं.

मी जव्हारला एका मोटार कंपनीच्या शाखेत गाड्या विकत असे. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिनं मला पेन्शन दिलेली नाही, पण वकील तिच्याकडे भरपूर आहेत. आज तिची जाहिरात टीव्हीवर लागते. डोंगर, धुकं, वळण घेणारी गाडी आणि आत हसणारं गोरं-गोमटं कुटुंब. परवा कंपनीतल्या एका मुलीनं फोन करून विचारलं, "मॅडम, बुडणारी कंपनी तुमच्या भागातल्या माउथ पब्लिसिटीनं वर आली म्हणतात. त्याचं टेक्निक काय होतं?" टेक्निक! मी म्हटलं, बाळ, गुडघ्याला तेल लावते आहे, मागाहून कर. तिनं काही पुन्हा केला नाही. तिच्या वाटणीचं तुम्हीच ऐका.

शाखा म्हणजे एसटी डेपोच्या पुढच्या रस्त्यावरची पत्र्याची शेड. आत दोन गाड्या, एक टेबल आणि मी. साहेब ठाण्याला बसत आणि महिन्यातून एकदा येऊन "विक्री का नाही" असं विचारून जात. मी मूळची साखरशेतची, भात आणि नागली लावणाऱ्यांच्या घरातली. पण खुर्चीत बसले की माझा जन्म थेट पुण्यात झालेला असे. "आपण आसनस्थ व्हावं," असं मी गिऱ्हाइकाला म्हणत असे. तो बिचारा उभाच राही. आई एकदा शेडमध्ये आली, माझं बोलणं ऐकलं आणि म्हणाली, "बाय, तुझ्या दाताला काय झालाय?"

आता धंदा समजावून सांगते. आमच्याकडे गाडी फिरायला जायला कुणी घेत नाही. जो घेतो तो तिच्यावर घर चालवतो. खोडाळ्याहून जव्हारला, मोखाड्याहून खोडाळ्याला माणसं भरून न्यायची, बाजाराच्या दिवशी कोंबड्या आणि पोती, लग्नसराईत वऱ्हाड, आणि दिवाळी झाली की भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर निघालेली कुटुंबं, भांडी आणि पोराबाळांसकट. गाडी चुकीची निघाली तर घर बसलं. त्यामुळे विकणाऱ्याच्या बोलण्यावर कुणी गाडी घेत नाही. त्यासाठी 'विचारायला' जातात.

विचारायला जाण्याची रीत आहे. घेणारा, त्याचा मेव्हणा आणि एखादा म्हातारा, ज्यानं जन्मात सायकलसुद्धा चालवलेली नसते, असे तिघं मिळून ज्याच्याकडे ती गाडी आधीच आहे त्याच्या अंगणात जातात. कोरा चहा होतो. भाताचं बोलतात, पावसाचं बोलतात, कुणाच्या बैलाचं बोलतात. गाडी समोर उभी असते, पण तिच्याकडे कुणी बघत नाही. अगदी उठता उठता म्हातारा विचारतो, "मंग, कशी हाय?" मालक जे दोन शब्द बोलेल त्यावर सगळं ठरतं. मुलगी बघायला जातात तसंच म्हणा. आणि मुलगी बघताना जसा दलाल नसावा तसा इथे विकणारा हजर नसावा, हे साखरशेतच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळत नव्हतं. मी एकदा अशा तिघांच्या मागोमाग गेले, डोळ्यांवर गॉगल, हातात रंगीत पत्रकं, पायात टाचांच्या चपला. एक टाच बांधावर रुतली ती तिथेच राहिली. मी अंगणात लंगडत पोचले, बसले आणि त्या लोकांनी दिवेलागणीपर्यंत फक्त भाताचं बोलणं केलं. गाडीचं नाव नाही. मग ते तिघं उठून घरी गेले. मी साहेबांना कळवलं, "ग्राहकांना शेतीविषयक माहितीची गरज आहे."

आता आमच्या गाडीचं. तिला गोल डोळ्यांसारखे दिवे आणि बसकं नाक, म्हणून लोक तिला बेडकी म्हणत. पहिली बेडकी आली तिचं इंजिन चढावर तापायचं. जव्हारच्या चढावर जिथेतिथे बॉनेट उघडून उभ्या असलेल्या बेडक्या दिसत. "बेडकीनं तोंड उघडलं," असं लोक म्हणत. बेडकीत बसायचं तर प्रवासी मांडीवर पाण्याची कॅन घेऊनच बसत, तिला पाजायला. माझे यजमान एसटी डेपोत मेकॅनिक. ते जेवताना विचारत, "आज तुझ्या किती जणी तहानेल्या?"

कंपनीनं पुढे चूक सुधारली. रेडिएटर मोठा केला, पंखा बदलला. नवी बेडकी खरंच चढायची. पण कोण ऐकतो? गावोगाव मांडीवरची कॅन बोलत होती. गाड्या पडून राहिल्या आणि देशभर इतर ठिकाणीही तेच चाललं होतं. साहेब एक दिवस म्हणाले, "मॅडम, हे वर्ष बघायचं, नाहीतर शटर ओढायचं." मी घाबरून कंपनीच्या जीपवर भोंगा लावला आणि खोडाळ्याच्या बाजारात उभी राहिले. "नागरिकहो, अतुलनीय शीतलीकरण यंत्रणेनं सुसज्ज..." असं माझं भाषण सुरू होतं. समोर सुकट विकणारी म्हातारी बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मध्येच तिनं विचारलं, "बाय, मत द्यायचा कदी हाय? आन निशाणी कनची, बेडकी का?" अख्खा बाजार हसला. मी भोंगा बंद केला आणि सुकट घेऊन घरी आले.

देवरामनं बेडकी घेतली ती माझ्या भाषणामुळे नाही. खोडाळ्याचा हा देवराम, सडपातळ, कमी बोलणारा, जुनी जीप चालवायचा. ती जीप ऐन लग्नसराईच्या तोंडावर कायमची बसली. दुसऱ्या कंपनीची गाडी यायला वेळ लागणार होता आणि वऱ्हाडाची बोलणी तर होऊन गेली होती. माझ्याकडे गाडी उभी होती. नाइलाजानं घेतली. घेताना मेव्हणा लहानू बरोबर होता. तो मला म्हणाला, "बाई, कॅन तुमची का आमची?"

पहिल्याच खेपेला मी हौसेनं गाडीत बसले. आत माणसं दाटलेली आणि निम्म्या मांड्यांवर पाण्याच्या कॅन. चढ लागला तशी कुजबुज सुरू झाली. बेडक्या हमखास तापायच्या त्या वळणाजवळ सगळे ओरडायला लागले, "थांब, देवराम, थांब! तापली असंल!" दोघं तर दार उघडून उतरायच्या तयारीत. देवराम समोर बघत म्हणाला, "तापली तं मीच सांगन. गप बसा." गाडी वळण चढली, पुढचं चढली आणि जव्हारच्या बाजारात जाऊन उभी राहिली. लोक भरलेल्या कॅन तशाच घेऊन खाली उतरले. इतक्या ओशाळलेल्या कॅन मी कधी बघितल्या नव्हत्या.

त्यानंतरच्या खेपांना कॅन कमी होत गेल्या. एक म्हातारा शेवटपर्यंत आणायचा, मग त्यानंही आणायची सोडली. आमची जाहिरात म्हणाल तर ती एवढीच. माणसं बेडकीत मोकळ्या मांडीनं बसायला लागली आणि मोकळ्या मांडीच्या माणसाला बघून दुसरा विचारायचा, "पाणी नाय घेतला?" तो म्हणायचा, "आता बिनपाण्याची चढते." हे शब्द मोखाड्यापर्यंत गेले, तिथून त्र्यंबकच्या वाटेनं वर गेले, भट्टीवाल्यांबरोबर भिवंडीला उतरले. तेव्हा आमच्याकडे डोंगरात मोबाइलला रेंज नव्हती. तरी बातमी माझ्या आधी पोचलेली असे.

लोक देवरामच्या अंगणात विचारायला येऊ लागले. तो आधी खोड सांगायचा. "मागची सीट म्हणजे दगड हाय. दारातनं आवाज येतो. पावसात डाव्या गुडघ्यावर पाणी गळतं." आणि मग, म्हाताऱ्यानं पुन्हा विचारल्यावर, "चढते." बस. त्या एका शब्दावर माझ्याकडे माणसं यायची. लहानूनंही घेतली. मी पत्रकं वाटायची सोडली, खरं म्हणजे ती चुलीत घातली. कागद गुळगुळीत होता, पेटायला कुरकुर करायचा.

एक सांगायला हवं. देवरामचा शब्द गाडीपुरता नव्हता. हा माणूस रोज गावागावांतून जाणारा, कुणाच्या घरात काय चाललंय ते बघणारा. त्यामुळे सोयरीक जुळवताना लोक त्यालाच विचारत. मुलगा कसा, घर कसं, सासू कशी. तो "द्या" म्हणाला की मुलगी देत. या कामावर त्याचा जीव होता. गाडी हा पोटाचा उद्योग, आणि हा त्याचा मान.

जव्हारच्या शाखेचं चांगलं चाललंय हे ठाण्याला कळलं. साहेब आले, देवरामची माहिती घेतली आणि त्यांचे डोळे चमकले. "मॅडम, हा माणूस फुकट आपलं काम करतोय! याला बक्षीस दिलं तर किती करेल!" लगेच योजना निघाली. जो गिऱ्हाईक पाठवेल त्याला स्टीलचा प्रेशर कुकर. मीही टाळ्या वाजवल्या. कुकरला झेंडूचा हार कुणी घातला असेल? मीच घातला. साखरशेतला जन्मलेल्या बाईला त्या हाराच्या वासावरूनसुद्धा पुढचं कळायला हवं होतं, पण मी तेव्हा फोटोत कुठल्या बाजूनं बरी दिसते या काळजीत होते.

बाजाराच्या दिवशी, भर खोडाळ्यात, भोंग्यावरून नाव पुकारून देवरामला कुकर दिला. त्याला आधी काही सांगितलं नव्हतं. साहेबांना त्याच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य फोटोत हवं होतं. आश्चर्य मिळालं. तो कुकर हातात घेऊन उभा राहिला, कुणी नवजात पोर हातात दिल्यासारखा, आणि भोवतालच्या लोकांकडे बघत राहिला. लोक टाळ्या वाजवत नव्हते. बघत होते.

मग त्याच्या अंगणात कुणी विचारायला येईनासं झालं, आणि माझ्या शेडमध्ये कुणी घ्यायला.

लहानू बहिणीकडे जेवायला गेला होता. बहीण यमुना, देवरामची बायको. बिचारीनं कौतुकानं त्या कुकरात डाळ लावली. शिट्टी झाली तसा लहानू म्हणाला, "भावजी, ही माझ्या गाडीची शिट्टी वाजली ना?" यमुना रडायला लागली, देवराम ताटावरून उठला. लहानूनं थट्टाच केली होती, पण ती गावभर झाली. पुढे देवराम एका सोयरिकीत बोलायला गेला, मुलगा चांगला आहे म्हणाला, तर मुलीचा चुलता हसत म्हणाला, "नवऱ्याकडून काय भेटला, देवराम? कुकर का मिक्सर?" त्या सोयरिकीचं त्याला पुन्हा कुणी विचारलं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, लहानूनं स्वतःच्या मुलीसाठी मोखाड्याकडचं स्थळ बघितलं तेव्हा साऱ्या गावाला विचारलं, रस्त्यावरच्या चहावाल्याला विचारलं, मुलीच्या आत्याच्या नवऱ्याला, देवरामला, मात्र विचारलं नाही. तो रोज त्या मुलाच्या दारावरून गाडी नेत होता. लग्न ठरलं. देवराम वऱ्हाडाची गाडी चालवत गेला आणि मांडवाच्या कडेला गाडीतच बसून राहिला.

तो शेडमध्ये आला तेव्हा कुकर पिशवीत घालून आणला होता, घासूनपुसून. टेबलावर ठेवला.

"बाई, हा घ्या परत."

"अहो देवरामदादा, वापरलेला कसा घेऊ?"

"मीपण आता वापरलेलाच हाय," तो म्हणाला. "मला कोन विचारत नाय. गाडीचं नाय विचारलं तं चालंल. पोरींचं विचारत नाय."

मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "नाराज आहे का? मिक्सर देऊन टाका." मी फोन ठेवला. इतकी दमणूक मला कधी डोंगर चढूनही झाली नव्हती. समोर देवराम बसलेला. आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाशी घरच्या बोलीत बोलले. "इथं ठेवून काय उपेग नाय. दिला बाजारात, तं परत बाजारातच द्यायला पायजे. सगळ्यांनी बघायला पायजे."

"तुमची नोकरी?" त्यानं विचारलं.

"ती तशीपण चाललीच हाय," मी म्हटलं.

पुढच्या बाजारी त्यानं खोडाळ्यात बेडकी आणून मध्ये उभी केली आणि बॉनेट उघडलं. उघड्या तोंडाची बेडकी कैक दिवसांनी दिसली म्हणून सुकटवालीपासून सगळे धावले. "तापली! तापली!" देवराम म्हणाला, "तापली नाय. ऐका." आणि त्या मितभाषी माणसानं गाडीच्या सगळ्या खोडी एकामागून एक सांगितल्या. सीट, दार, गळणारं पाणी, उतारावर लवकर झिजणारे ब्रेक, मिळायला वेळ लावणारे सुटे भाग. मग कुकर वर धरून म्हणाला, "हा मी मागितला नव्हता. बाई, हितं या. यातला काय खोटा बोललो?"

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या साडीच्या पदरावर कंपनीचा बिल्ला होता. मी म्हटलं, "खोटा काय नाय. सीटचं तं कमीच सांगितलंत. माझी कंबर त्या सीटवरच गेली." लोक हसले. त्या बाजारात मी तोवर जे काही बोलले होते त्यातलं लोकांना पटलेलं हे पहिलंच वाक्य.

गर्दीतून एकानं विचारलं, "मंग चढते का नाय?"

देवराम बॉनेट बंद करत म्हणाला, "ते मी आता सांगनार नाय. बसून बघा." आणि कुकर माझ्या हातात दिला.

लोक बसून बघू लागले. गाड्या पुन्हा खपल्या, योजना साहेबांनी गुपचूप गुंडाळली, आणि मला नोकरीवरून काढायचं त्यांच्याकडून राहून गेलं, कारण विक्री वाढली होती आणि वाढलेल्या विक्रीत कुणी कुणाला काढत नाही. पुढे कंपनीनं आमची कथा मोठ्या सभेत सांगितली म्हणे. त्यात कुकर-मिक्सरचा उल्लेख नव्हता. मला एक प्रशस्तिपत्रक मिळालं. कागद तोच, गुळगुळीत.

देवराम मात्र सोयरिकीत बोलेना. विचारलं की म्हणायचा, "तुम्हीच जाऊन बघा." काही वर्षं अशीच गेली. माझी धाकटी लग्नाची झाली, खोडाळ्याजवळचं एक स्थळ आलं, तशी मी त्याच्या अंगणात जाऊन बसले. तो म्हणाला, "मी ते काम सोडलं, बाई." मी म्हटलं, "मी उठत नाय. माझे गुडघेच उठू देत नाय." यमुना आतून हसली. शेवटी तो बोलला. मुलगा रागीट आहे. घराचं छप्पर गळतं. सासू बोलायला लागली की थांबत नाही. मी वाट बघत राहिले.

"आन चांगला काय?"

"चांगला तुमी शोधा," तो म्हणाला. "वाईट सगळा सांगितला. याच्यावर काय लपलेला नाय."

मी मुलगी दिली. जावई रागीट आहे, छप्पर अजून गळतं आणि विहीणबाईंबद्दल मी इथे काही लिहीत नाही, त्या हा अंक वाचतात. मुलगी तिथे सुखात आहे.

लग्नाच्या मांडवात नेहमीचा प्रश्न निघालाच. सोयरीक कुणी जमवली? मी मोठ्यानं सांगितलं, "देवरामनं." तो तेव्हा नुकताच वऱ्हाडाची शेवटची खेप करून आला होता आणि पत्रावळ घेऊन पंगतीच्या टोकाला टेकत होता. मुलाकडचा एक पाहुणा, बहुधा गंमत म्हणूनच, ओरडला, "काय मिळाला हो देवरामदादा?"

 वाढणारा हात तसाच थांबला. देवराम पत्रावळ हातात धरून तसाच अर्धवट टेकलेला राहिला. मी काही बोलायच्या आत त्याच्या शेजारून लहानूचा आवाज आला. कुकरच्या त्या थट्टेनंतर पहिल्यांदाच तो भावजीच्या पंगतीला बसला होता.

"माझ्या भावजीला काय मिळतं?" लहानू म्हणाला. "जेवण मिळतं. तेपण भात सरल्यावर."

लोक हसले. देवरामही हसला, खाली बघत, आणि पत्रावळ समोर ठेवून नीट मांडी घालून बसला. भात खरंच सरला होता. मी गुडघे धरून उठले आणि आत जाऊन नवीन आधण ठेवायला सांगितलं.